करवत घ्यावी, पण कोणती?

'करवत घेणे' हा मराठीतला जुना वाक्प्रचार आहे, आणि त्याचा अर्थ काही दुकानात जाऊन करवत विकत घेणे असा नव्हे. मोक्षाच्या ओढीने काशीस जाऊन करवतीखाली देह ठेवणाऱ्यांच्या कथा पूर्वी सांगत. त्या कथांतून तो आला. शब्दाचे मूळ पाहावे तर संस्कृत 'करपत्र', त्याचे प्राकृतात 'करवत्त' आणि मग आपली करवत. हीच करवत लुगड्याच्या काठावर जाऊन बसली तेव्हा 'करवतकाठी' म्हणून तिला केवढा मान मिळाला! मरण, लाकूड आणि लुगडे ही तिन्ही ज्या एका शब्दात सुखाने नांदतात, त्याच्याविषयी मराठीच्या मास्तराला एवढी माहिती पुरे होती. पण गेल्या ज्येष्ठात आमच्या दाजींचा फोन आला. "यंत्राची करवत घ्यायची म्हणतोय. पोरगं एक सांगतं, दुकानदार दुसरं सांगतो आणि तुमची ताई तिसरंच. तुम्हाला इंग्रजी पुस्तकं कळतात. तुम्ही वाचून काय ते ठरवा." आणि पुढचा दीड महिना मी या एका वस्तूच्या मागे घालवला.

आजच्या काळात सरपण कोण जाळतो, असे शहरातले वाचक विचारतील. सिन्नर म्हटले की बाहेरच्यांना गोंदेश्वराचे देऊळ आठवते, जुन्यांना विड्या आठवतात आणि नव्यांना माळेगाव-मुसळगावचे कारखाने. अशा गावात आता घरोघरी गॅस आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यापासून तो वाड्यावस्त्यांवरही पोचला. पण गॅस शिरला तो स्वयंपाकघरात. न्हाणीघराचा उंबरा त्याने अजून पुष्कळ ठिकाणी ओलांडलेला नाही. तिथे तांब्याचा बंब आहे आणि त्याच्या पोटात बाभळीची खांडे आहेत. शिर्डीच्या रस्त्याला, वावीकडच्या अंगाला आमच्या ताईचा मळा आहे. तिथे नरकचतुर्दशीच्या पहाटे तीन वाजल्यापासून बंब पेटतो आणि घरातल्या अठरा माणसांची अभ्यंगस्नाने त्याच्यावर पार पडतात. फराळाची मोठी कढईसुद्धा अंगणातल्या चुलीवरच चढते. गॅसच्या शेगडीवर ती मावत नाही हे एक कारण, आणि मावली तरी ताई ती तिथे ठेवणार नाही हे दुसरे.

शिवाय झाडे काही गॅस आला म्हणून वाढायची थांबत नाहीत. सिन्नर तालुक्याचा हा पूर्वभाग कोरडा. बांधावर बाभूळ, कडुनिंब, बोर, आणि ओढ्याच्या काठाने ती हट्टी वेडी बाभूळ. फांद्या पिकावर सावली धरतात, वाटेवर येतात, गोठ्याच्या पत्र्यावर घासतात. पूर्वी त्या साळायला आबा येत. आबा म्हणजे त्या पंचक्रोशीतले लाकूडतोडे. कुऱ्हाड, कोयता आणि एक मोठी करवत एवढा त्यांचा संसार. आता आबांचे वय झाले. त्यांचा एक मुलगा टेम्पो चालवतो, दुसरा कारखान्यात रखवालदार आहे. कुऱ्हाड दोघांनीही घेतली नाही, आणि का घ्यावी? यंदा वैशाखात वळवाच्या वाऱ्याने गोठ्यामागची जुनी बाभूळ आडवी झाली, तेव्हा ती तोडायला माणूसच मिळेना. तीन आठवडे झाड तसेच पडून राहिले. त्रेसष्ट वर्षांचे दाजी रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन तासभर झुंजत आणि उरलेला दिवस खांदा चोळत बसत. यंत्राचा विचार निघाला तो तिथे.

भाच्याने मोबाइलवर यंत्र पाहूनही ठेवले होते. "मामा, अठ्ठावन्न सीसीचं, बावीस इंची पान! आणि सगळं मिळून सात हजारांच्या आत. नावाजलेल्या कंपनीचं बत्तीस सीसीचं घ्यायचं तर दुपटीच्या पुढं पैसे. कमी ताकदीला जास्त पैसे, हा कुठला हिशेब?" हिशेब वरवर पाहता बिनतोड होता. नाशिकच्या ज्या दुकानात आम्ही आधी चौकशी केली, तिथल्या गृहस्थांनीही हेच मत दिले. शेतकरी माणसाला मोठेच लागते, असे त्यांचे म्हणणे.

ताई मात्र एका शब्दावर होती: नको. तिला कारण होते. शेजारच्या मळ्यात मागच्या वर्षी असलेच मोठे यंत्र उसने आणून एक तरणा मुलगा फांद्या छाटत होता. यंत्र उसळले आणि डाव्या मांडीत उतरले. गाडी येईपर्यंत त्याची मांडी ताईनेच आपल्या जुन्या लुगड्याने आवळून धरली होती. पोरगा वाचला, तीन महिने अंथरुणावर होता, आजही उतरताना पाय वाकडा टाकतो. "ते लुगडं मी परत धुतलं नाही, जाळून टाकलं," एवढेच ताई मला म्हणाली. तेव्हा प्रश्न नुसता खरेदीचा नव्हता. ताईची भीती खोटी म्हणून झटकून टाकायची नाही आणि दाजींचा खांदाही जाऊ द्यायचा नाही, अशी ती अडचण होती.

या यंत्राचा इतिहास वाचताना मला आधी थोडा धक्का बसला. दातेरी साखळी ओढून कापायची कल्पना जंगलात जन्मलीच नाही. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या एटकेन आणि जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापायला बारीक साखळीची हातकरवत वापरली, आणि १८३०च्या सुमारास जर्मनीत हाइने याने हाताने फिरवायची, पानाभोवती साखळी धावणारी अशी हाड कापण्याची करवत केली. लाकडाकडे ती वळली विसाव्या शतकात. जर्मनीतल्या आंद्रेआस स्टिल यांचे १९२९ सालचे पेट्रोलचे यंत्र सुमारे ४६ किलोंचे होते आणि ते धरायला दोन माणसे लागत. १९५९ साली त्याच कंपनीचे 'काँट्रा' आले ते बारा किलोंच्या आसपास, एका माणसाचे. आज मळ्याच्या कामाचे यंत्र चार-साडेचार किलोंवर येऊन ठेपले आहे.

पण या इतिहासातला माझा आवडता नायक माणूस नव्हे, एक अळी आहे. अमेरिकेत ऑरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. त्या वेळच्या साखळीचे दात साध्या करवतीसारखे असत. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि कानशीने घासता घासता माणूस मेटाकुटीस येई. १९४६ साली एका ओंडक्यात त्याला एका भुंगेऱ्याची जाडजूड अळी दिसली. तंतूंच्या दिशेने असो की आडवी असो, ती लाकूड सारख्याच सहजतेने खात होती. त्याने नीट पाहिले. अळीचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आळीपाळीने चालत होते. त्याने घराच्या तळघरात त्या जबड्यांसारखे दात घडवले, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ साली ती साखळी विकायला काढली. आज दुकानात टांगलेली जवळजवळ प्रत्येक साखळी त्या अळीची शिष्या आहे. ही गोष्ट मी दाजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे किडीनं झाड खाल्लं, माणसानं कीड पाहून जंगल खाल्लं." मी गप्प बसलो.

आता मुद्द्याकडे. हलके यंत्र म्हणजे किती हलके? इथे पहिली मेख अशी की जाहिरातीतले वजन हे बहुधा नुसत्या इंजिनाचे असते. पान, साखळी, पेट्रोल आणि साखळीचे तेल त्यात धरलेले नसते. चार किलोंचे म्हणून घेतलेले यंत्र चौदा इंची पानासह टाक्या भरून उचलले की सव्वापाच-साडेपाच किलो भरते. आणि ते बावीस इंची प्रकरण त्याच हिशेबाने सात किलोंच्या वर जाते. दीड-दोन किलोंचा फरक तो काय, असे दुकानात वाटते. पण फांद्या साळण्याचे काम ओंडका कापण्यासारखे नाही. ओंडका कापताना यंत्राचे वजन लाकडावर टेकलेले असते. फांद्या साळताना ते दर मिनिटाला उचलायचे, वळवायचे, पुढच्या फांदीपाशी न्यायचे असते, तेही कमरेत वाकून आणि हात पुढे काढून. लांब पानाचे वजन तर टोकाकडे असते, म्हणजे ते मनगटालाच लागते. अर्ध्या तासाने हात थकतात, आणि थकलेला हात हेच या धंद्यातले सर्वांत धोक्याचे हत्यार आहे.

पानाची लांबी कशी ठरवावी? ज्या जाडीचे लाकूड नेहमी कापायचे त्याहून दोनेक इंच जास्त, एवढे पुरे. बाभळीच्या फांद्या चार ते आठ इंची. सरपणाचे ओंडके दहा-बारा इंची. त्याला बारा ते चौदा इंचांचे पान चालते. क्वचित बुंधा जाड निघाला तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. आणि चौदा इंची पान ओढायला तीस ते पस्तीस सीसीचे चांगले इंजिन सहज समर्थ आहे. भाच्याचा हिशेब इथे चुकत होता: ताकद दुप्पट असली तरी काम दुप्पट होत नाही. बोथट साखळीचे मोठे यंत्र धारदार साखळीच्या लहान यंत्रापुढे हात टेकते.

आमच्या शोधात हलकी म्हणून आणखी दोन यंत्रे पुढे आली. वाचकांनाही ती भुरळ घालतील म्हणून सांगतो. एक म्हणजे मूठ अगदी माथ्यावर असलेले, तीन किलोंच्या घरातले पेट्रोलचे यंत्र. दिसायला गोंडस, आणि एका हातात मावते. पण ते मुद्दाम तसे केलेले असते ते दोरखंड बांधून झाडावर चढणाऱ्या शिकलेल्या कसबी माणसांसाठी. त्याच्या दोन्ही मुठी इतक्या जवळजवळ असतात की ते उसळले तर आवरायला पल्लाच मिळत नाही. जमिनीवर उभे राहून एका हाताने ते चालवणे म्हणजे उतारावर ब्रेक सोडून सायकल हाणणे. दुसरे म्हणजे चार-सहा इंची पानाचे बॅटरीवरचे चिमुकले यंत्र. डाळिंबाच्या बागेत, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या जाड ओलांड्यांना ते हल्ली पुष्कळ वापरतात, आणि दोन-तीन इंची फांदीला ते झकास आहे. मात्र एका हातात यंत्र असले की दुसरा हात आपोआप फांदी धरायला जातो, आणि पान सरकते ते त्या हाताकडेच. सरपणाच्या ओंडक्यांना ते पुरत नाही ते निराळेच.

मग विजेचे की बॅटरीचे की पेट्रोलचे? ज्यांच्या घरी लाकूड तोडून आणलेले असते आणि परसात नुसते तुकडे करायचे असतात, त्यांनी वायरीचे विजेचे यंत्र घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. धूर नाही, दोरी ओढायची नाही, इंजिनाची कटकट नाही. अशी यंत्रे १६०० ते २००० वॅटची असतात. त्यांना घरातली बारीक वायर जोडू नये, ती तापते आणि यंत्राला दाबही पुरेसा मिळत नाही. पण मळ्यात पडलेल्या बाभळीपर्यंत वायर कुठून नेणार? तिथली वीज येते तिच्या मर्जीने, आणि पुष्कळदा रात्री.

३६ व्होल्टची चांगली बॅटरीची यंत्रे मला फार आवडली. मुकाट असतात, बोट उचलले की थांबतात. पण हिशेब असा: ३६ व्होल्ट, चार अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १४४ वॅट-तास. पाव लिटरच्या पेट्रोलच्या टाकीइतके काम घ्यायला अशा तीन-चार बॅटऱ्या लागतील, आणि बॅटऱ्यांचीच किंमत यंत्रावर चढते. घर बांधावरच असते, कामही दिवसाकाठी अर्ध्या तासाचे असते, तर मी तीच घ्या म्हटले असते. आडवी बाभूळ आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ समोर असताना पेट्रोलला पर्याय दिसला नाही.

आता त्या उसळीविषयी, ज्याच्यासाठी ताईने लुगडे जाळले. पुस्तिकेत तिला 'किकबॅक' म्हणतात. दाजी म्हणतात यंत्र शिंग उगारते, आणि मला दाजींचा शब्द जास्त पसंत आहे. पानाच्या टोकाचा वरचा पाव भाग म्हणजे ते शिंग. साखळी सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावत असते. तिथे टोकाला एखादी फांदी, दगड, दुसरा ओंडका नुसता लागला, किंवा लाकडाने पान चिमटीत धरले, की दात कापायचे सोडून अडकतो आणि सगळा जोर यंत्राला मागे, वर, माणसाच्या तोंडाकडे फेकतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे घडते; माणूस सावध होता की नाही याला तिथे अर्थच नसतो. म्हणून यंत्र घेताना पाहायचे ते हे. पुढच्या मुठीसमोर पंजासारखी ढाल हवी, आणि ती ढकलली गेली की साखळी तत्काळ थांबवणारा ब्रेक. नुसती ढाल आहे आणि ब्रेक नाही अशी यंत्रे मी बाजारात डोळ्यांनी पाहिली. मागच्या मुठीत दोन कळा हव्यात: तळहाताने वरची दाबल्याशिवाय खालची दबू नये. साखळी तुटली तर अडवणारी खुंटी खाली हवी. साखळी 'कमी उसळीची' म्हणून मिळते, नवशिक्याने तीच मागावी. डावा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला हवा. वरून टेकवलेला अंगठा पहिल्या धक्क्याला सुटतो. आणि हलके यंत्र घेतले म्हणजे ते उसळत नाही, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. लहान इंजिन आणि अरुंद टोकाचे पान यांनी जोर कमी होतो, शिंग नाहीसे होत नाही.

हे सारे मी ताईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला वाचून नको दाखवू. मला दुकानात ने." आषाढातल्या एका शनिवारी आम्ही चौघे नाशिकला दुसऱ्या एका दुकानात गेलो, जिथे दुरुस्तीचा कारागीर मागेच बसत होता. हा माझा पहिला सल्ला समजा: ज्या दुकानामागे कारागीर नाही आणि ज्या यंत्राची साखळी, पान, बुच, गाळणी सुटी मिळत नाही, ते यंत्र फुकटही घेऊ नये. ताईने दोन्ही यंत्रे मागवली, दोन्हींत टाकीभर पाणी घालायला सांगितले. "पाणी नाही घालता येत बाई, इंजिन जाईल," असे दुकानदार कळवळून म्हणाले, तेव्हा तिने पाण्याने भरलेली लिटरची बाटली पिशवीत घालून यंत्राच्या मुठीला अडकवली. मग दाजींना म्हणाली, "धरा. वाका. आणि मी म्हणेस्तोवर तसेच राहा."

दुकानात त्या वेळी पाच-सहा गिऱ्हाइके होती. सगळी पाहत राहिली. बावीस इंची यंत्र घेऊन दाजी वाकले. दीड मिनिटात पानाचे टोक फरशीला टेकले. दुसरे, बत्तीस सीसीचे आणि चौदा इंची पानाचे, त्यांनी चार मिनिटे धरले आणि मग कंटाळून खाली ठेवले. ताईने भाच्याकडे पाहिले. "मोठं यंत्र यांना ओढत नेईल. लहान यंत्राला हे नेतील. कळलं?" भाचा पुढे एक शब्द बोलला नाही. मी दीड महिना जे वाचत होतो ते बाईने पाच मिनिटांत तोलून दाखवले.

यंत्र घेतले, पण ताईच्या अटींवर. यंत्राबरोबर डोळ्यांना जाळीचा पडदा आणि कानांना झापडे असलेले शिरस्त्राण, कडक टाचेचे बूट, आणि मांडीवर बांधायचा तो जाड पट्टा, ज्याच्या आतले धागे साखळीत गुंतून तिला जागीच थांबवतात. या सगळ्याला जवळजवळ यंत्राच्या एक तृतीयांश पैसे गेले. कानांची झापडे अनेकांना चैन वाटते. पण या यंत्राचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो आणि गेलेला कान कुठल्याही दुकानात सुटा मिळत नाही. धोतर नाही, उपरणे नाही, लोंबती मफलर नाही. झाडावर चढून नाही, शिडीवरून नाही, खांद्याच्या वर हात नेऊन नाही. एकट्याने नाही. विजेच्या तारांजवळची फांदी असेल तर यंत्राला हातच लावायचा नाही, महावितरणच्या माणसांना बोलवायचे.

खुद्द फांद्या कशा साळाव्यात हे मला पुस्तकाने सांगितले आणि आबांनी सुधारले. त्यांना आम्ही मुद्दाम खाट टाकून बांधावर बसवले होते. आडव्या झाडाच्या डाव्या अंगाला उभे राहून बुंध्याकडून शेंड्याकडे जायचे, आणि खोड आपल्या व यंत्राच्या मध्ये ठेवायचे, म्हणजे यंत्र सरकले तरी पायाऐवजी खोडाला लागते. इतके पुस्तकात होते. पण झाड जमिनीवर ज्या फांद्यांच्या टेकूने उभे आहे त्या कोणत्या, हे ओळखायला आबांचा डोळा लागला. "ती नका तोडू, ती पाय आहे. ती तोडली का खोड लोळंल तुमच्या अंगावर." वाकून ताणलेल्या फांदीला, जिकडे ती दबलेली असते त्या आतल्या बाजूने आधी थोडा काप द्यायचा, मग ताणलेल्या बाहेरच्या बाजूने, उलटे केले तर फांदी पान चावते किंवा चाबकासारखी सुटते. आबा हे सारे कुऱ्हाडीने चाळीस वर्षे करत आले होते. यंत्र बघून त्यांनी नाक मुरडले नाही, उलट कौतुकाने म्हणाले, "माझ्या दोन दिसाचं काम यानं जेवायच्या आत केलं." थोडे थांबून पुढे म्हणाले, "पण याला झाड दिसत नाही. ते आपण बघायचं." त्या दिवसापासून झाड पाडायचे वा साळायचे असले की त्यांना बोलावून रोजची मजुरी देण्याचे ठरले आहे, नुसते बघण्याची. दाजींच्या मते यंत्राबरोबरची सर्वांत महाग वस्तू तीच आणि सर्वांत कामाचीही तीच.

ओंडके जमिनीवर ठेवून कापू नयेत. लाकडाची घोडी करून तिच्यावर कापावेत. साखळी एकदा मातीला लागली की तिची धार त्या क्षणी संपते. आमच्याकडे आणखी एक खास धोका: कुंपणाच्या बाभळीला कधी काळी ठोकलेले खिळे आणि गुंडाळलेली काटेरी तार. झाड वाढता वाढता ती पोटात घेते आणि वरून साल धरते. अशी बाभूळ असली तर तारेच्या उंचीचा हातभर भाग सोडून द्यावा.

कायद्याकडे पाहिल्याशिवाय यंत्र चालू करू नये हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात १९६४ सालापासून वृक्षतोडीचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या मळ्यातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५चा निराळा कायदा लागतो, आणि तिथे दारातल्या झाडासाठीही आधी विचारावे लागते. फिलिपाइन्समध्ये तर २००२ सालापासून यंत्राची करवत बाळगायचीच नोंदणी करावी लागते. कोणी म्हणेल, करवतीला कसला परवाना! पण ज्या हत्याराने शंभर वर्षांचे झाड दहा मिनिटांत खाली येते, त्याच्याविषयी एखाद्या सरकारला धास्ती वाटली तर मी त्याला हसणार नाही.

राहता राहिले तेलपाणी, ज्यात ही यंत्रे सर्वांत जास्त मरतात. इंजिन दोन-स्ट्रोकचे असते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलेच पाहिजे. कंपनीचे चांगले तेल असेल तर लिटरला २० मिलिलिटर, साधे असेल तर ४०. जे पुस्तिकेत लिहिले असेल ते प्रमाण मानावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि लहान इंजिनातल्या रबरी पडद्यांना ते मानवत नाही. पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली असते, म्हणून घेण्याआधी तो आकडा विचारावा. कसेही असले तरी मिश्रण लागेल तेवढेच करावे, आणि महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावे. साखळीच्या टाकीत ट्रॅक्टरचे जुने काळे ऑइल घालायची आपल्याकडे फार खोड आहे. त्यात धातूचा कीस असतो, ते साखळीला चिकटून राहत नाही, आणि उडते ते आपल्या हातापायांवर, मातीत.

धार कधी गेली हे ओळखायला भुसा पाहावा. चांगली साखळी जाडसर ढलप्या टाकते. पिठासारखी भुकटी पडू लागली आणि यंत्र दाबावे लागले की थांबून कानस घ्यावी. आमच्या साखळीला चार मिलिमीटरची गोल कानस लागते. तीस अंशांच्या तिरप्या रेषेत, आतून बाहेर, फक्त पुढे जाताना. मागे येताना कानस उचलायची. प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात, आधी सगळे डावे दात, मग यंत्र फिरवून सगळे उजवे. एका बाजूला हात कमी पडले की करवत वाकडी कापू लागते. हे काम दाजींनी ताईकडे दिले आहे, कारण तिचा हात सारखा पडतो; चाळीस वर्षे करंज्या कातलेला हात आहे तो. रविवारी दुपारी ती ओसरीवर बसते, चष्मा लावते, आणि डाव्या-उजव्या दातांवरून कानस फिरवत मोजत जाते. पानाला कापडाचे म्यान शिवले आहे तेही तिनेच, तेही जुन्या लुगड्याचे.

पडलेली बाभूळ श्रावणात संपली. ओल्या लाकडाचे खांड घणाने पाचर ठोकून फोडले आणि गोठ्याच्या पडवीत, खाली दोन विटांचा थर देऊन, वाऱ्याला वाट ठेवून रचले. यंदाच्या दिवाळीचा बंब मागच्या वर्षीच्या जळणावर पेटला आहे. हे नवे लाकूड अजून ओले आहे. ते संक्रांतीनंतर काढायचे.